आसूड दाखवा, पण पाठ सांभाळा

काही वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत एक चित्ररथ पाहिला. गळ्यात मडके, कमरेला झाडू बांधलेला सोळा वर्षांचा पोरगा आणि त्याच्यामागे पगडी घालून, चामडी चाबूक घेऊन उभा असलेला दुसरा. देखावा पेशवाईचा होता. चौकाचौकात चाबूक कडाडत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मिरवणूक संपल्यावर पोराने सदरा काढला, तेव्हा पाठीवर दोन ताजे वळ दिसले. "साहेब, खरं वाटलं पाहिजे ना!" असे तो हसत म्हणाला. मला मात्र हसू आले नाही. जी पाठ ताठ व्हावी म्हणून आपल्या बापजाद्यांनी हाडाची काडे केली, तिच्यावर आपणच वळ उठवायचे काय?

इतिहास दाखवू नये, असे माझे म्हणणे नाही. तो दाखवलाच पाहिजे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फटक्यांची शिक्षा नव्हती. इंग्रजांनी १८६४ मध्ये खास कायदा करून ती आणली, १९०९ च्या कायद्याने चालू ठेवली. ती रद्द केली स्वतंत्र भारताच्या संसदेने, १९५५ मध्ये. म्हणजे आसूड हा केवळ धन्याच्या रागाचा नव्हता, तो सरकारी कागदावरही होता. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा आसूड' हे नाव दिले, तेव्हा आसूड मारणाऱ्याच्या हातातून मार खाणाऱ्याच्या हाती आला. हे नवीन पिढीला कळायलाच हवे.

पण त्यासाठी खरा फटका लागतो का? १८६३ मध्ये अमेरिकेत गॉर्डन नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मळ्यातून पळालेल्या गुलामाचा फोटो प्रसिद्ध झाला. त्यात दिसते ती वळांनी भरलेली पाठ. चाबूक कुठेही नाही. तरी गुलामगिरीविरुद्धचा तो मोठा पुरावा ठरला. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग लोकांसमोर उभा केला गेला. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी आधी विरोध केला. आमच्या दुःखाचा तमाशा होईल, ही त्यांची भीती रास्तच होती. परंतु तो प्रसंग कृष्णवर्णीय कलावंत क्रिस्टी कोलमन यांच्या पुढाकाराने झाला आणि त्या स्वतः लिलावात उभ्या राहिल्या. नवरा-बायकोची ताटातूट पाहून बघ्यांचे डोळे भरून आले.

चाबकाचा कडाका कसा होतो, हेही समजून घ्या. मुठीपासून टोकाकडे चाबूक निमुळता होत जातो, लाट पुढे सरकते तसा तिचा वेग वाढतो आणि टोकाशी तो आवाजाच्या वेगाहून जास्त होतो. कडाडते ती हवा. आवाजासाठी अंगाला स्पर्शही लागत नाही. पण तेच टोक डोळ्यावर बसले तर डोळा जातो.

म्हणून देखावा करणाऱ्या मंडळांनी काही पथ्ये पाळावीत. फटका नेहमी बाजूला, मोकळ्या जागी मारावा. कळवळण्याचे काम अभिनयाने करावे. चाबकाची लांबी अधिक हात, त्याहून चार पावले जास्त एवढ्या अंतरात कोणीही नसावे. हलणाऱ्या ट्रकवर आणि गर्दीत चाबूक फिरवूच नये. चाबूक चालवणाऱ्याने आधी महिनाभर एकट्याने, चष्मा लावून सराव करावा. टोकाला गाठ किंवा धातू नको. 'थांब' म्हणायचा एक शब्द ठरवावा. तो उच्चारताच सारे थांबले पाहिजे.

आणि "पोरगा तयार होता" ही सबब वकील म्हणून मला कुणी सांगू नये. भारतीय न्याय संहितेचे कलम २५ संमतीने खेळलेल्या खेळातील इजेला संरक्षण देते, पण संमती देणारा अठरा वर्षांवरचा असावा लागतो. हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा कलम १२५ खाली गुन्हा आहे.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या जयंतीला देखावा जरूर करा. चाबूक कडाडू द्या. पण रात्री पोराने सदरा काढला, तर त्याच्या पाठीवर फक्त घाम दिसला पाहिजे.