चोर सोडून संन्याशाला सुळी!

हौसेला मोल नसते म्हणतात. कोणी कबुतरे पाळतो, कोणी जुने रेडिओ उघडून बसतो. अलीकडे लाकूड कोरणारे यंत्र घरच्या घरी बांधणारे हौशी कारागीरही दिसू लागले आहेत. संगणकाच्या आज्ञेवर चालणारे हे यंत्र म्हणजे सीएनसी. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये या जातीचे पहिले यंत्र दाखवले गेले, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी व्हॅक्यूम ट्यूबांचे भले मोठे कपाट लागले होते. आज तेच काम तळहातावर मावणारा अर्डुइनो बोर्ड आणि २००९ साली जन्मलेली ‘ग्रबल’ ही मोफत आज्ञावली करते.

यंत्र उभे राहते, तिन्ही अक्षांवर झुलते, घरचे कौतुकाने बघतात. आणि मग हत्यार फिरवणारी मोटर, म्हणजे स्पिंडल, रुसते. सांगावे तीन हजार फेरे, तर ती भन्नाट सुटते. लाकूड करपते, नाजूक हत्यार ताडकन तुटते. चिरंजीव जाहीर करतात, “बाबा, मोटर गेली. नवी आणू या!”

बाबांनी पाकिटाला हात घालण्यापूर्वी थोडे थांबावे. पुष्कळदा मोटर बिचारी संन्याशी असते. चोर दुसरीकडेच लपलेला असतो.

पहिला शोध कागदावरचा. ग्रबलमध्ये डॉलर ३० या नोंदीत स्पिंडलचा कमाल वेग लिहावा लागतो. मूळची नोंद असते १०००. ती तशीच राहिली, तर तीन हजार सांगा की नऊ हजार, बोर्डाच्या दृष्टीने दोन्ही कमालीच्या वरच! मोटर पूर्ण वेगानेच फिरणार. तिथे आपल्या मोटरीचा खरा कमाल वेग लिहावा. डॉलर ३२ ही नोंद लेसरसाठी आहे. ती चुकून १ असेल, तर कोरता कोरता वेग आपोआप खालीवर होऊ शकतो आणि हत्यार एका जागेवरून दुसरीकडे जाताना मोटर थांबते. ती ० करावी.

दुसरा शोध तारांचा. वेगाचा संकेत बोर्डाच्या ११ क्रमांकाच्या पिनेवर येतो. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या सीएनसी शील्डवरची अक्षरे जुन्या ग्रबलप्रमाणे छापलेली असतात. त्यामुळे हा संकेत झेड अक्षाच्या लिमिट स्विचच्या जागी सापडतो, स्पिंडलच्या जागी नाही! अक्षरांवर विश्वास ठेवणारा इथे हमखास फसतो.

तिसरा शोध मल्टिमीटरचा. समजा, मोटर २४००० फेऱ्यांची आहे आणि आपण १२००० मागितले. पिनेवर सरासरी अडीच व्होल्ट दिसायला हवेत. मोठ्या मोटरीच्या ड्राइव्हला बहुधा शून्य ते दहा व्होल्ट लागतात. मधल्या कन्व्हर्टरच्या पलीकडे पाच व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा जिथे बिघडतो, तिथे चोर. तिथवर सारे ठीक असूनही मोटर ऐकत नसेल, तर ड्राइव्ह अजून आपल्याच बटणांचे ऐकतो आहे. त्याच्या पुस्तिकेत पाहून वेगाचा हुकूम बाहेरून घेण्याची नोंद करावी. बोर्ड आणि ड्राइव्ह यांची संकेताची ग्राउंड तार जोडलेली आहे ना, हेही पाहावे. वेग उगाच थरथरत असेल, तर संकेताची तार मोटरीच्या तारेपासून दूर न्यावी आणि जाळीदार आवरणाची घ्यावी.

छोट्या डीसी मोटरीचा वेग लाकडात शिरल्यावर मंदावतो, तो मात्र बिघाड नव्हे. स्वतःचा वेग मोजण्याची सोय तिच्यात नसते. एका फेरीत कमी खोल कोरावे, म्हणजे झाले.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट. तपासणीपूर्वी हत्यार काढून ठेवायला लावा; नको त्या वेळी सुटलेली मोटर बोटांची गय करीत नाही. ड्राइव्हच्या तारांना हात लावायचा असेल, तर आधी प्लग काढा आणि पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबा, कारण वीज बंद केल्यावरही त्याच्या पोटात घातक भार शिल्लक राहतो. घरच्या विजेची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि यंदाच्या पाडव्याला चिरंजीवांना नव्या मोटरीऐवजी एक चांगला मल्टिमीटर द्या. देव्हाऱ्याची कमान पुढच्या दिवाळीआधी कोरून मिळेल.