भिंतीवर टांगलेली कोपरखळी

1946 साली न्यूयॉर्कमध्ये राहायला जागा मिळणे किती कठीण होते, हे सांगताना व्यंगचित्रकार सॉल स्टाइनबर्गने चित्रातल्या एका इमारतीची दर्शनी भिंतच काढून टाकली. आतल्या तेवीस खोल्या उघड्या पडल्या. कुणी न्हाणीत, कुणी पलंगावर, कुणी टेलिफोनपाशी; वर झुंबरे, कोपऱ्यात पियानो, आणि माणसे अशी खच्चून भरलेली की एकाच्या झोपेवर दुसऱ्याचे जेवण चाललेले. लाखो सैनिक युद्धावरून परतले होते, लग्ने धडाक्याने लागत होती आणि आधीच्या काही वर्षांत नवी घरे फारशी बांधलीच गेली नव्हती. एकेका बिऱ्हाडात दोन-दोन कुटुंबे राहत होती. गिरगावातल्या चाळीत वाढलेला वाचक म्हणेल, यात नवल ते काय? नवल त्या रेषेत आहे. माणूस, खुर्ची, नळ, झुंबर, सगळ्यांना सारख्याच जाडीची रेघ. ना सावली, ना कळवळा. चित्रकार कुणाची बाजू घेत नाही, त्यामुळे हसू यायला थोडा उशीर लागतो आणि आल्यावर ते लवकर जात नाही.

'डबलिंग अप' हे त्या चित्राचे नाव. 1949 मध्ये 'द आर्ट ऑफ लिव्हिंग' या स्टाइनबर्गच्या पुस्तकात ते आले, आणि पुढे फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकच्या हाती लागले. पेरेक हा याद्यांचा वेडा माणूस. त्याने त्या इमारतीतल्या वस्तू आणि माणसे अक्षरशः मोजून काढली, आणि पॅरिसमधल्या अशाच एका उघड्या पाडलेल्या इमारतीवर अख्खी कादंबरी रचली: 'लाइफ: अ यूझर्स मॅन्युअल', 1978. एका व्यंगचित्रातून एवढी जाडजूड कादंबरी निघाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

इमारत अशी उभी चिरून दाखवण्याची खोड शिक्षणातून आली होती. स्टाइनबर्ग 1914 चा, रुमानियातला ज्यू. वास्तुशास्त्र शिकला मिलानमध्ये. 1940 मध्ये पदवी मिळाली, तेव्हा मुसोलिनीचे वंशकायदे लागू होते आणि पदवीपत्रावरच त्याच्या ज्यू असण्याची नोंद होती. पुढची दोन वर्षे कागदपत्रांच्या मागे धावण्यात गेली. लिस्बनमार्गे अमेरिकेच्या दारात पोचला, तिथून परत धाडला गेला, सांतो दोमिंगोत अडकला. 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात त्याचे पहिले चित्र 1941 मध्ये छापून आले, तेव्हा तो स्वतः न्यूयॉर्कमध्ये नव्हताच. पुढे तो आयुष्यभर खोटी प्रमाणपत्रे, खोटे पासपोर्ट, रबरी शिक्के आणि वाचता न येणाऱ्या झोकदार सह्या काढत राहिला. त्याच्या चित्रांतल्या माणसांचे चेहरे कधीकधी नुसते अंगठ्याचे ठसे असतात, ही गंमत त्या दोन वर्षांची आहे.

युद्धानंतरच्या शहरावरचा त्याचा सर्वात नेमका टोला मात्र त्याने काढलेला नाही, चिकटवलेला आहे. 1950 च्या दशकात मॅनहॅटनमध्ये काचेच्या, सरळसोट, चौकटी-चौकटींच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्या. स्टाइनबर्गने ग्राफ पेपरचा एक उभा तुकडा कापला आणि शाईने रेखाटलेल्या नक्षीदार जुन्या इमारतींच्या रांगेत ठेवून दिला. झाली गगनचुंबी इमारत! नव्या वास्तुकलेवर लिहिलेले कितीतरी पानांचे लेख त्या तुकड्यापुढे फिके पडतात.

पण लोकांनी फ्रेम करून लावले ते तिसरेच चित्र. 'द न्यूयॉर्कर'च्या 29 मार्च 1976 च्या अंकाचे मुखपृष्ठ. खाली नाइन्थ आणि टेन्थ अॅव्हेन्यू, गाड्या, पादचारी, छपरांवरच्या पाण्याच्या टाक्या, सगळे बारकाईने. मग हडसन नदी, पलीकडे 'जर्सी' नावाची एक पट्टी, मग चटईएवढी अमेरिका, पॅसिफिक, आणि क्षितिजावर चीन, जपान, रशिया यांची ढेकळे. आपल्या गल्लीपलीकडे जग नाही असे मानणाऱ्या शहरी माणसाची ही टिंगल. पोस्टर निघाले आणि ज्याची टिंगल होती त्यानेच ते दिवाणखान्यात मिरवले. इतर शहरांनीही स्वतःला मध्यभागी ठेवून नकला काढल्या. टिंगल सोडून अभिमान तेवढा उचलला. जवळजवळ साठ वर्षे त्या साप्ताहिकासाठी काम करून सुमारे नव्वद मुखपृष्ठे देणारा माणूस अनेकांच्या लेखी 'त्या पोस्टरवाला' होऊन बसला, याचा त्याला वैताग होता.

1984 च्या 'मॉस्को ऑन द हडसन' या चित्रपटाच्या जाहिरातीत हीच रचना पूर्वेकडे तोंड करून वापरली गेली, तेव्हा त्याने कोलंबिया पिक्चर्सवर दावा लावला. हे विडंबन आहे, असा कंपनीचा बचाव. न्यायालय म्हणाले, विडंबन असेल तर ते मूळ चित्राचे हवे. इथे तसे काही नाही. टोकदार अक्षरे, टाक्या, आकाशाची पट्टी, सगळ्यांतले साम्य तपासून 1987 मध्ये निकाल स्टाइनबर्गच्या बाजूने लागला. निकालपत्रात एक मजेदार तपशील आहे: कंपनीच्या कलाविभागातल्या माणसाने कबूल केले की स्टाइनबर्गचे पोस्टर आपण विकत घेऊन कचेरीतल्या भिंतीवर लावले होते.

आज अशी चित्रे घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. नवी छापील प्रत मोठी, स्वच्छ, पांढरीफेक मिळते. दुसरी वाट म्हणजे जुन्या अंकाचे खरे मुखपृष्ठ. भिंग लावले तर त्यात ऑफसेट छपाईचे रंगीत ठिपके दिसतात, कडा पिवळसर असतात, आणि डावीकडे त्या साप्ताहिकाची उभी रंगीत पट्टी असते. कधी वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटलेली असते, तिच्यामुळे किंमत उतरते. माझी पसंती याच प्रतीला, चिठ्ठीसकट. फ्रेमवाल्याला सांगून माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचे घ्यावे, चित्र काचेला टेकू देऊ नये आणि उन्हाची भिंत टाळावी. लाल-पिवळे रंग आधी उडतात, काळी रेघ टिकते. आणि नीट दिसावे म्हणून फ्रेमवाला ती डावीकडची पट्टी माउंटखाली झाकू पाहील, त्याला वेळीच थांबवावे.