चेतापेशींवरील ग्राहींचे नियमन आणि फवारणी करणारा शेतमजूर

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात ६० दिवसांची बंदी घातली. चर्चा मुख्यतः मृत्यूंची झाली व ते स्वाभाविकच होते. परंतु वर्षानुवर्षे फवारणी करून ‘औषध अंगवळणी पडले आहे’ असे मानणाऱ्या मजुराचा प्रश्न त्यात मागे पडला. ही ‘सवय’ म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी चेतापेशींवरील ग्राहींचे कार्य पाहावे लागते.

एका चेतापेशीकडून दुसऱ्या पेशीकडे किंवा स्नायूकडे संदेश पोहोचतो तो रासायनिक पारेषकाद्वारे. ॲसिटिलकोलिन हा त्यांपैकी एक. तो पलीकडच्या पेशीच्या पटलावरील ग्राही नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि संदेश उमटतो. काम होताच कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके याच विकराला निकामी करतात. (पाचही प्रतिबंधित औषधे या गटातील नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे.) मग ॲसिटिलकोलिन साचत राहते आणि ग्राहींवर अखंड मारा सुरू होतो. घाम, लाळ, बाहुल्यांचे आकुंचन, स्नायूंची थरथर ही त्याची लक्षणे होत.

पेशी हा मारा निमूटपणे सहन करीत नाही. स्नायूंवरील निकोटिनी ग्राही पारेषक सतत चिकटून राहिल्यास काही क्षणांतच प्रतिसाद देणे थांबवतात. कॅट्झ व थेस्लेफ यांनी १९५७ मध्ये याचे विवेचन केले. ग्रंथी, हृदय व मेंदू यांतील मस्करिनी ग्राहींची रीत निराळी आहे. त्यांना फॉस्फेटचे गट जोडले जातात, त्यावर ॲरेस्टिन हे प्रथिन बसते व ग्राही पटलावरून पेशीच्या आत ओढला जातो. तेथून तो परत पटलावर येतो किंवा नष्ट केला जातो. मारा दिवसेंदिवस चालू राहिला तर पटलावरील ग्राहींची एकूण संख्याच घटते. याउलट संदेश येणे थांबले तर संख्या वाढते. चेतातंतू तुटलेल्या स्नायूवर ग्राही सर्वत्र पसरतात, ते यामुळेच.

उपचारांची मर्यादाही यातून उलगडते. ॲट्रोपिन मस्करिनी ग्राही अडवून लाळ व श्वासनलिकेतील स्राव थोपवते. निकोटिनी ग्राहींवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून काही रुग्ण सुधारल्यासारखे वाटल्यावर एक ते चार दिवसांत श्वसनाच्या स्नायूंच्या दुर्बलतेने पुन्हा संकटात सापडतात व त्यांना कृत्रिम श्वसन द्यावे लागते. श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ मध्ये ही अवस्था नोंदवली.

आता ‘अंगवळणी’ पडण्याकडे येऊ. प्राण्यांवरील प्रयोगांत अल्प मात्रा वारंवार दिल्यास लक्षणे ओसरतात. विकर मात्र दबलेलेच राहते. ओसरण्याचे एक प्रमुख कारण ग्राहींची घट हे आहे. अर्थात ही प्रतिकारशक्ती नव्हे. धोक्याची घंटा तेवढी मंद झालेली असते. तांबड्या रक्तपेशींतील विकर दिवसाला सुमारे एक टक्का या गतीने भरून निघते. दोन फवारण्यांमधील अंतर काही दिवसांचेच असेल तर तूट साचत जाते आणि एखाद्या दिवशी वारा उलटा असला किंवा पंप गळका असला की तीच मात्रा जीवघेणी ठरू शकते.

तेव्हा लक्षणांची वाट पाहणारी व्यवस्था अपुरी पडते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियमित संपर्कात येणाऱ्या कामगाराचे रक्त आधी तपासून मूळ पातळी नोंदवतात. तांबड्या पेशींतील विकर त्या पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरले की त्याला या कामावरून दूर करतात. आपल्या कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही वैद्यकीय तपासणी व कोलिनएस्टरेज मोजण्याची तरतूद आहे. परंतु ती गृहीत धरते एक नोंदणीकृत आस्थापना आणि एक मालक. हंगामात आज या शेतावर, उद्या त्या शेतावर रोजंदारीने पंप पाठीला लावणाऱ्याचा मालक कोण? तपासणीचा खर्च कोणावरही पडत नाही, म्हणून तो मजुराच्या शरीरावर पडतो. केंद्र शासनाने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. त्याच गटातील इतर औषधे बाजारात आहेत. हंगामापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात मूळ पातळीची नोंद झाली, तर ग्राहींनी झाकलेली तूट निदान कागदावर तरी दिसू लागेल.