थंड इंजिन आणि जादा हवेची झडप

गार पडलेल्या इंजिनात तेल दाट झालेले असते आणि घर्षण वाढलेले असते. ते बंद न पडता फिरत राहावे, यासाठी त्याला अधिक हवा व इंधन लागते. १९७० च्या दशकातील बॉश कंपनीच्या 'एल-जेट्रॉनिक' इंधन-फवारणी प्रणालीत या कामी एक लहान झडप असते. थंडपणी ती उघडी राहून थ्रॉटलला वळसा घालून जादा हवा आत सोडते. ही हवा मापकातून आलेली असल्याने इंधनही त्या प्रमाणात वाढते. पुढे विजेच्या उष्णतेने झडपेतील द्विधातू पट्टी वाकते व काही मिनिटांत मार्ग बंद होतो.

झडप बंद स्थितीत अडकल्यास थंड इंजिन थांबते; उघडी अडकल्यास तापलेले इंजिन अकारण वेगाने फिरते. परीक्षेसाठी हवेची नळी दाबून धरावी. थंड इंजिनाचा वेग उतरला आणि तापलेल्याचा बदलला नाही, तर झडप निर्दोष समजावी.

दोष आढळल्यास प्रथम वीजजोड, भेगाळलेल्या नळ्या व साचलेला मळ तपासावा. झडप बदलताना इंजिन गार होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. दुसऱ्या इंजिनाची झडप नळ्यांना बसली, तरी तिचे छिद्र व मिटण्याचा वेळ निराळा असू शकतो. म्हणून त्याच इंजिनाची झडप निवडावी. अन्यथा खर्च होऊनही दोष तसाच राहतो.