आखाजीचा करार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माझ्या आजोबांची झोप उडायची. शिरपूर तालुक्यात एका शेतकऱ्याकडे ते सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, होते. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं, नवं साल तेव्हाच ठरतं. पैसे किती, धान्य किती, उचल किती. खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे कापले. एका साली हिवतापाने त्यांचे बरेच खाडे पडले. त्या आखाजीला मालकाने "यंदा ऱ्हाशी का?" असं विचारलंच नाही.

मी धुळ्यात शिक्षिका होते. आता रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण देते. फळ्यावर 'नवा करार' लिहिलं की आजोबा आठवतात. ही मुलं देवालाही खाडे मोजणारा मालक समजतील, अशी धास्ती वाटते. करार म्हटलं की आपल्याला स्टॅम्पपेपरच दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्या मराठी ओवीग्रंथाच्या दोन भागांना त्यांनी करार न म्हणता पहिलं आणि दुसरं पुराण म्हटलं. मला ते बरं वाटतं, पुराणात निदान गोष्ट तरी असते.

म्हणून मी गोष्टच सांगते. करारासाठी हिब्रू शब्द आहे 'बेरीथ', आणि तो करार 'कापायचा' असतो. बायबलमधल्या अब्राहामाने जनावरं दुभागून समोरासमोर मांडली. रीत अशी, की शब्द देणाऱ्याने मधून चालत जायचं : वचन मोडलं तर माझी गत या जनावरांसारखी होवो. पण त्या रात्री अब्राहामाला गाढ झोप लागली. तुकड्यांमधून गेली ती धुमसती भट्टी आणि पेटती मशाल, म्हणजे देवाची खूण. अब्राहाम चाललाच नाही. सगळी शपथ देवाने आपल्या अंगावर घेतली. इतकी वर्षं शिकवतेय, तरी इथे आले की माझा आवाज जड होतो.

पुढे सीनाय डोंगराशी मोशेने बळींचं अर्धं रक्त वेदीवर शिंपडलं, अर्धं लोकांवर. त्या रक्ताने देव आणि माणसं जोडली गेली. आपल्याकडची सोयरीकच जणू. लोकांनी लगेच सोन्याचं वासरू करून ती मोडली. तरी यिर्मया संदेष्ट्याने सांगितलं, देव नवा करार करील आणि तो काळजावर लिहील. शेवटच्या भोजनात येशूने प्याला उचलून तो करार आपल्या रक्तात केला. दुसऱ्या दिवशी क्रूसावर, मोडलेल्या वचनाची किंमत त्यानेच भरली. प्रत्येक मिस्सात तोच एक यज्ञ आपल्यासमोर येतो, अशी आम्हा कॅथलिकांची श्रद्धा आहे.

मग तारण कमवावं लागतं का? माझ्या प्रोटेस्टंट मैत्रिणीला वाटायचं, कॅथलिक लोक पुण्याचा हिशेब ठेवतात. पण १५४७ मध्येच ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितलं होतं, की कृपा आधी येते, ती पहिली कृपा कशानेही कमावता येत नाही. माणसाने मात्र तिला होकार द्यायचा, तिच्या बळावर चालायचं. १९९९ मध्ये आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिकांनी याच्या गाभ्यावर एकत्र सही केली, तो कागद मी तिला वाचून दाखवला. आणि शेजारच्या काकू, ज्या आखाजीला पितरांची घागर भरतात, त्यांचं काय? सगळी कृपा ख्रिस्ताकडूनच येते, असं चर्च मानतं. पण ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळलेला नाही, आणि जे खऱ्या मनाने देवाला शोधत सदसद्विवेकाने जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहून ठेवलंय.

शेवटी मी येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट घेते. सगळं उडवून परतताना तो मनात वाक्य घोकतो : बाबा, मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा. म्हणजे साल ठरवायलाच येतो तो. बाप धावत येऊन मिठी मारतो. मजुराचं वाक्य पोराच्या तोंडातच राहतं, तोवर अंगठी आणा, जोडे आणा म्हणून बापाची हाक गेलेली असते.

मागच्या रविवारी एका मुलीने विचारलं, "मग टीचर, त्याला शेतात काम नव्हतं का करायचं?"

"होतं की," मी म्हटलं, "आता घरचंच शेत होतं."