बिअरला केळ्याचा वास कुठून?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाने जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर नाकाशी नेली तर तो चमकेलच. हा तर पिकल्या केळ्याचा वास! त्यात केळं नसतं, इसेन्सही नाही. आंबवताना खास जातीचं यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं. पिकत्या केळ्यातही तेच असतं. पण हा वास फार टिकत नाही. युरोपातून आठवडेच्या आठवडे जहाजाने आलेल्या बाटलीत तो उतरतो, उष्णतेने ऑक्सिडेशन वाढून ओल्या पुठ्ठ्याची चव येते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, तशा मायक्रोब्रुअरीत मात्र बिअर बनते तिथेच पेल्यात येते. गव्हाच्या बिअरपुरता माझा कौल देशीलाच. जळगाव-धुळ्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांकडे सरकतो. तेव्हा आयात बाटली घ्यायचीच तर तारीख पाहा, फ्रिजमधलीच मागा. उन्हात मांडलेली हिरवी बाटली नकोच.