गाण्याआधी ऐकू येणारं गाणं

जुनी कॅसेट लावली की कधी कधी एक नवल घडतं. गाणारीनं पहिला शब्द उच्चारण्याच्या दोनेक सेकंद आधीच तोच शब्द अगदी पुसट ऐकू येतो, मग खरा आवाज येतो. हा भास नव्हे. ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूसाठी सुमारे ८५ मीटर फीत असते, रुंदीला चार मिलिमीटरही नाही, आणि ती एकावर एक वेढे घेत गुंडाळलेली राहते. वर्षानुवर्षं कपाटात पडून एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकेच उमटतं, आणि पुढचा शब्द मागच्या वेढ्यात जाऊन बसतो. म्हणजे कॅसेट नुसती ठेवून दिली तरी आत काहीतरी घडतच असतं.

भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात ही गोष्ट जास्त मोलाची ठरते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली इथे लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू केलं, पुढे शाळा आली, माडिया मुलं मराठी लिहू-वाचू लागली. पण त्यांची माडिया ही द्रविड कुळातली बोली. ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून कानात गेली, कागदावर फारशी उतरलीच नाही. रेला गाणी, लग्नाची गाणी, कुळाच्या कथा, सगळं माणसांच्या आठवणीत. अशा घरात मामानं टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली कॅसेट, किंवा मोबाईलच्या मेमरी कार्डात पडलेलं आजीचं गाणं, हा त्या गाण्याचा जगातला एकमेव पुरावा असू शकतो.

आणि इथला पावसाळा! पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हवेत ओल महिनोन्‌महिने राहते. फितीवर चुंबकीय कण धरून ठेवणारा चिकट थर ही ओल शोषून सैल पडतो आणि वर बुरशी धरते. म्हणून कॅसेट कोरड्या दिवसांत संगणकात उतरवून घ्यावी. त्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकाव्यात. मग चुकून लाल बटण दाबलं तरी जुन्या आवाजावर नवा भरला जाणार नाही.

संगणकात जाताना आवाजाचं जे होतं, ते मला आजही अद्‌भुत वाटतं. आवाज म्हणजे हवेची थरथर. संगणक ती थरथर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतो. एका तासाच्या गाण्याचे सुमारे १६ कोटी आकडे होतात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि कंपन नीट टिपायला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मोजमापं लागतात, म्हणून हा आकडा. जतनासाठी ध्वनिसंग्रहालयं याहूनही बारीक मोजतात.

एकदा आकडे झाले की एक नवी गोष्ट शक्य होते. कॅसेटवरून कॅसेट भरली की प्रत्येक वेळी खरखर वाढायची, चौथ्या प्रतीत आजी ओळखू येईनाशी व्हायची. आकड्यांची शंभरावी प्रत मात्र पहिलीइतकीच खरी असते. आवाज टिकवायचा तर त्याच्या प्रती वाढवायच्या, हा मार्ग त्यामुळेच खुला झाला.

एवढं मात्र पाहावं की मूळ फाईल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात राहील. एमपी३ लहान असते, कारण मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज ती कायमचे टाकून देते. ढोलाच्या दणक्याखालचा एखाद्या म्हाताऱ्या बाईचा हुंकार त्यात जाऊ शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवायला लहान प्रत खुशाल करावी, पण जपायची ती मोठीच.

तरीही माझ्या मते सगळ्यात नाजूक भाग वेगळाच आहे. संगणकाला कोण गातंय हे ठाऊक नसतं. फाईलचं नाव त्यानं स्वतःहून दिलेलं असतं, आणि अशा चारशे फायली साठल्या की आवाज सुरक्षित आणि आठवण हरवलेली, अशी गत होते. याउलट, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या शंभर तासांहून जास्त गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळानं त्या ओव्या लोकांपुढे आणल्या, आणि ‘परी’ची माणसं पुन्हा त्याच गावांत जाऊन गाणाऱ्या बायकांना भेटू शकली. का? कारण ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं होतं!

घरातही तेच करायचं. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग गाव, गाणारी, प्रसंग: ‘१९९४-०५_हेमलकसा_आजी_लग्नाचं-गाणं’. वर्ष पुढे असलं की संगणक आपोआप काळानुसार रांग लावतो. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ लिहावं. शेजारी साध्या मजकुराची एक फाईल ठेवावी: कोण गातंय, मागे ढोल कोणाचा, कोणत्या सणाला, भरून कोणी घेतलं. हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवरच विचारून घ्यावं. कॅसेट वर्षभर थांबेल, ती थांबतीलच असं नाही. आणि हे गाणं बाहेरच्यांना ऐकवायला चालेल का, हेही त्यांनाच विचारावं. काही गाणी देवाची असतात, ठरावीक वेळीच गायची असतात. तिथे त्यांचा शब्द अखेरचा.

मग प्रती. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तिसरी पुराच्या पाण्यापलीकडे, नागपूर-चंद्रपूरला असलेल्या नातेवाइकाकडे. या तिसऱ्या प्रतीचाच लोकांना कंटाळा येतो, आणि घर बुडालं तर तीच उरते. शिवाय डिस्कवरचे आकडेही क्वचित आपोआप बिघडतात. त्यावर ‘शा-२५६’ नावाची एक सुंदर युक्ती आहे: संगणक अख्ख्या फाईलवरून ६४ अक्षरांचा एक ठसा काढतो, आणि १६ कोटी आकड्यांतला एक जरी बदलला तरी तो ठसा पूर्ण वेगळा येतो. हा ठसा त्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवावा. दरवर्षी पाऊस सरला की तिन्ही प्रतींचे ठसे ताडून पाहावेत, आणि जी प्रत जुळणार नाही ती पुसून चांगल्या प्रतीवरून नव्यानं भरावी.